काय टोचलं ते कागदावर लिहा : आमच्या नगरपंचायतीला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

एसटी स्टँडसमोर गेल्या आठवड्यात मोठा फलक लागला आहे. 'मोफत भव्य सौंदर्य तपासणी शिबीर', स्थळ नगरपंचायतीचं सभागृह. नाक सरळ करणं, ओठ भरणं, पोटाची चरबी काढणं, टकलावर केस, रंग उजळवणं, आणि शिबिरात नाव नोंदवेल त्याला सगळं निम्म्या दरात. डाव्या बाजूला एका बाईचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन चेहरे, उजव्या बाजूला हात जोडलेले तुम्ही. खाली एक मोबाइल नंबर आहे. तो मला पाठ आहे, कारण माझ्या भावाच्या लेकीच्या पावतीवर तोच नंबर छापलेला आहे.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरातली बाळंतपणं मी केली आहेत, त्या हक्काने लिहिते. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, मुलीला कुणी बोट दाखवून ओळखू नये म्हणून. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दिलेल्या अर्जाचं काय झालं ते शेवटी सांगणारच आहे.

जानेवारीतली गोष्ट. मुलगी २४ वर्षांची, पतपेढीत कारकून. बघायला आलेल्या एका घरच्या बाईने चहा पिता पिता म्हटलं, "मुलगी गोड आहे, नाक तेवढं बसकं." ते स्थळ गेलं, वाक्य राहिलं. शनिवारी अर्धा दिवस भरून ती परस्पर ब्युटी पार्लरच्या वरच्या खोलीत गेली. दर शनिवारी बाहेरगावाहून एकजण येतो, पांढरा कोट घालतो, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन नाही, टाका नाही, पंधरा मिनिटांचं काम, असं तिला सांगितलं. नाकाच्या बोंडीत आणि कण्यावर इंजेक्शनं दिली. पावती मिळाली, 'ग्लो पॅकेज, १८,००० रुपये'. बस, एवढंच. देणाऱ्याचं नाव नाही, औषधाचं नाव नाही, सही वाचता येत नाही.

संध्याकाळी नाक ठणकायला लागलं. तिने त्या नंबरवर फोन केला. उत्तर आलं, सूज आहे, नॉर्मल आहे, बर्फ लावा. तिने दोन तास बर्फ लावला. रात्री नऊला वहिनीने मला बोलावलं. मी बॅटरी घेऊन बघितलं. बोंडी आणि डावी नाकपुडी मेणासारखी पांढरी, आणि भोवती जांभळट जाळी, नव्या मच्छीजाळ्यासारखी. मी बोटाने बोंडी दाबून सोडली. जिवंत कातडीत दोन सेकंदांत रंग परत येतो. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले. रंग आला नाही.

"काय टोचल्यानी तुका?"

"माका म्हायत नाय, आते. फिलर म्हणत होते."

गाडी काढली आणि आपल्याकडचं माणूस जिथे धावतं तिकडेच, गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात निघालो. अडीच तास. वाटेत ती दर थोड्या वेळाने एक डोळा झाकून समोरच्या गाडीचा नंबर वाचत होती, कारण मी तिला तसं करायला सांगितलं होतं. का सांगितलं ते तिला तेव्हा सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते. फिलर म्हणजे जेलीसारखा पदार्थ, बहुतेक वेळा हायल्युरोनिक अ‍ॅसिडचा. कातडीखाली तो खड्डा भरतो आणि सहा महिने ते दीड वर्षात विरघळून जातो. पण नाकाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि त्यांचं नातं डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी असतं. सुई रक्तवाहिनीत गेली आणि जेली आत दाबली गेली, तर पुढची कातडी उपाशी राहते आणि मरते. जेली उलटी सरकून डोळ्याच्या धमनीत पोचली, तर तास-दीड तासात पडदा कायमचा निकामी होऊ शकतो. हे क्वचित होतं, मान्य. पण चेहऱ्यावर इंजेक्शन देण्याच्या जागांत नाक सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी आहे, हे सुई धरणाऱ्याला माहीत असतं, असायलाच हवं. आणि अशा वेळी बर्फ लावायचा नसतो. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. शेक द्यायचा असतो, हलकं चोळायचं असतं, आणि जेली विरघळवणारं हायल्युरोनिडेज हे औषध लगेच टोचायचं असतं. ते काही दुर्मिळ नव्हे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याभोवती भूल देताना भुलीच्या औषधात मिसळतात ते हेच. मी स्वतः कित्येकदा भरून दिलं आहे. त्या वरच्या खोलीत त्याची एक कुपी असती तर आमची ती रात्र झालीच नसती.

तिथल्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. काय टोचलं? किती? किती वाजता? तिसऱ्याचं उत्तर आमच्याकडे होतं. पहिल्या दोहोंना मी ती पावती पुढे केली आणि मला माझीच लाज वाटली. कारण सगळीच फिलर त्या औषधाने विरघळत नाहीत. कॅल्शियमची असतात, सिलिकॉनचं तेल भरणारेही महाभाग आहेत, त्यांच्यावर हायल्युरोनिडेजचा काही उपयोग होत नाही. डॉक्टरांनी अंदाजाने हायल्युरोनिक धरून उपचार सुरू केला, पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा दिलं, आणि अंदाज बरोबर निघाला. डोळा वाचला. बोंडीवरची खपली पडायला दीड महिना लागला. खाली तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा राहिला आहे. मुलीचं लग्न आता वैशाखात आहे. ते लोक खड्डा बघून आले आणि तरी आले, देव त्यांचं भलं करो.

गावात बोललं गेलं, एवढी शिकलेली मुलगी, गेली कशाला? ज्यांनी हे विचारलं त्यांनी पोरींना बघायला जाताना काय काय मोजलं होतं ते आधी आठवावं. मी तिला दोष देणार नाही आणि कुणाला देऊ देणार नाही. स्वतःच्या चेहऱ्यात बदल करावासा वाटणं हा गुन्हा नव्हे.

मी या शास्त्राच्याही विरोधात नाही. फाटलेल्या ओठाची बाळं शिवून आलेली मी पाहिली आहेत, आणि स्टोव्हच्या भडक्याने छातीला चिकटलेली हनुवटी मोकळी झाल्यावर पहिल्यांदा आभाळाकडे बघणारी बाई पाहिली आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर पुन्हा आकार देणारी शस्त्रक्रियाही याच शाखेची. आणि नाकाचं म्हणाल तर जगाने ते आपल्याकडून शिकलं. सुश्रुताने गालाच्या कातडीचं नाक सांगितलं. १७९३ साली पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक एका कुंभार समाजातल्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवं केलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि तेवढी कातडी खाली वळवली. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या मासिकात ते छापून आलं. त्या कारागिराने आधी माप घेतलं होतं, आणि काम चार लोकांच्या डोळ्यांसमोर केलं होतं. आमच्या मुलीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

आता तुमच्याकडे मांडायच्या माझ्या तक्रारी.

पहिली 'शिबीर' या शब्दाची. आपल्याकडे शिबीर म्हटलं की मोतीबिंदू, रक्तदान, रक्तदाब. या एका शब्दावर विश्वास ठेवून म्हाताऱ्या माणसांनी माझ्या हातात डोळे दिले आहेत. तो विश्वास तुम्ही धंद्याच्या जाहिरातीला सभागृहासकट देऊन टाकलात. तपासणी मोफत आहे ती गिऱ्हाईक करण्यासाठी. रुग्णांना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरात करणं डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने मनाई केलेलं आहे. स्तनांचा आकार सुधारण्याच्या औषधांची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या मनाईच्या यादीत आहे, आणि फलकाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात तीही आहे. जाऊन वाचा.

दुसरी नावाची. फलकावर एकाही डॉक्टरचं नाव नाही. त्याच २००२ च्या नियमांत आहे की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवरसुद्धा लिहायचा. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यायची. रुग्णाने मागितले तर ७२ तासांत कागद द्यायचे. आणि संमती म्हणजे फक्त सही नव्हे. काय करणार, त्याचे धोके काय, दुसरा पर्याय काय, हे कळल्यावर दिलेला होकार म्हणजे संमती, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या मुलीकडून सही घेतली ती फोटो जाहिरातीत वापरायच्या परवानगीवर.

तिसरी तक्रार मोठी आहे, कारण फलकावरच्या प्रत्येक ओळीमागे न सांगितलेलं बरंच काही आहे.

'पोटाची चरबी एका दिवसात.' लायपोसक्शन हा वजन कमी करायचा उपाय नाही, हे कुठलाही प्रामाणिक प्लास्टिक सर्जन पहिल्या भेटीत सांगतो. सलाईनमध्ये भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळून ते चरबीत भरतात, आणि नळीने चरबी ओढून काढतात. पाच लिटरच्या पुढे गेलं की ती मोठी शस्त्रक्रिया धरतात, आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवायला लागतं. भुलीचं औषध जास्त झालं तर आधी ओठ बधिर होतात, कानात गुणगुणतं, मग झटके, मग हृदय. चरबीचे कण किंवा पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर माणूस जातो. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. चाकरमानी मे महिन्यात आठ दिवस येणार, शिबिरात नाव घालणार, पट्टा बांधून त्या उकाड्यात दोन दिवस काढणार आणि तिसऱ्या दिवशी दहा-दहा तास रेल्वेत पाय दुमडून बसणार. गुठळी व्हायला याहून सोयीचं काही नाही.

केसांचं. डोक्याच्या मागच्या भागातली मुळं काढून पुढे लावतात. मागचा साठा ठरावीक असतो, एकदा वाया घालवला की संपला. लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, खरा निकाल वर्षाने दिसतो, तोपर्यंत शनिवारचा डॉक्टर कुठे असेल? सहा-आठ तास भुलीच्या इंजेक्शनांवर चालणारं हे काम आहे. कार्यशाळेत उभं राहून किंवा यूट्यूबवर बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी बजावलं आहे. यूट्यूबचा उल्लेख करावा लागला यावरूनच काय चाललं आहे ते समजा.

रंग उजळवण्याची इंजेक्शनं म्हणजे बहुधा ग्लुटाथिऑन. आपल्या देशात त्याला रंग उजळवण्यासाठी मंजुरी नाही. लेसर आणि केमिकल पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) नीट हातात चांगली साधनं आहेत, पण सावळ्या कातडीवर जरा जास्त झालं तर भाजल्यासारखे काळे डाग उठतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. त्यानंतर ऊन टाळायचं असतं. बंदरावर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईने ऊन कसं टाळायचं? काजूच्या बागेत जाणाऱ्या मुलीने? हा प्रश्न सुई मारायच्या आधी विचारायला हवा. बोटॉक्स त्या मानाने साधं, तीन-चार महिन्यांत उतरतं, तरी चुकीच्या जागी गेलं तर पापणी काही आठवडे लोंबून राहते.

चौथी तक्रार सगळ्यात तुमची. त्या खोलीतल्या सुया कुठे जातात? मी पार्लरच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं. काळी पिशवी, त्यात नारळाच्या करवंट्या, चहाचे कप आणि टोपण नसलेल्या सहा सुया. ती पिशवी तुमच्या घंटागाडीत जाते, आणि तुमचा सफाई कामगार ती हाताने उघडून ओला-सुका वेगळा करतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. माझ्या वॉर्डात एका वॉर्डबॉय मामांना अशी सुई लागली होती. पुढचे सहा महिने ते रक्ताचे रिपोर्ट हातात धरून माझ्यासमोर उभे राहायचे. कचऱ्याचा ठेका तुमचा आहे, या मुद्द्यावर तुम्ही आरोग्य खात्याकडे बोट दाखवू शकत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. सोनं गहाण ठेवून गेलेल्या दोन बायका मला ठाऊक आहेत. दिसणं सुधारण्याच्या शस्त्रक्रियेला महात्मा फुले योजनेचा आधार नसतो, आणि बिघडलं की निस्तरण्याचा खर्च मूळ पॅकेजच्या कितीतरी पट होतो.

राहिली कायद्याची. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. सगळ्या दवाखान्यांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्राचा कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. म्हणून एकही खाट नसलेली, शनिवारी उघडणारी खोली दोन्हींच्या मधून सुटते. हे तुम्ही बदलू शकत नाही, मला कळतं. पण सभागृह कुणाला द्यायचं, फलकाला परवानगी कुणाला द्यायची आणि कचरा कुणाचा उचलायचा, या तीन किल्ल्या तुमच्याच खिशात आहेत.

फेब्रुवारीत मी लेखी तक्रार दिली होती. पोच आहे, आवक क्रमांक आहे. उत्तर नाही. उत्तराच्या जागी फलक आला.

माझ्या मागण्या अशा.

या शिबिराला दिलेलं सभागृह रद्द करा आणि फलक उतरवा, निदान तुमचे फोटो तरी आधी उतरवा. यापुढे आरोग्याच्या नावाखाली सभागृह मागणाऱ्या प्रत्येकाकडून डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लेखी घ्या, तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळा, आणि मगच तारीख द्या. प्लास्टिक सर्जन व्हायला एमबीबीएसनंतर सर्जरीची तीन आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीची तीन वर्षं लागतात. एवढं शिकलेला माणूस आपला क्रमांक सांगायला लाजत नाही.

शहरात जिथे जिथे सुई, लेसर किंवा ब्लेड कातडीला लागतं, त्या सगळ्या जागांची यादी करा, पार्लरसकट. त्यांच्या सुया कोण उचलतं ते विचारा. सुया उचलण्याचा करारनामा नसेल तर कुलूप लावा. सफाई कामगारांना जाड हातमोजे आणि हिपॅटायटिस बी ची लस द्या, ती उद्यापासून देता येईल.

प्रत्येक गिऱ्हाईकाला एक कागद मिळालाच पाहिजे, मराठीत. काय टोचलं, कुठल्या कंपनीचं, बॅच नंबर, किती, कुठे, कुणी, किती वाजता, आणि रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. कुपीवरचा स्टिकर त्यावर चिकटवायचा. हा कागद देणार नाही त्याला सभागृह नाही, फलक नाही. तपासणीच्याच दिवशी पैसे आणि सुई दोन्ही नको, मध्ये निदान आठवडा जाऊ दे. घरी जाऊन माणसाचं मन बदलतं, बदलू द्यावं.

आणि शिबीर भरवायचंच असेल तर माहितीचं भरवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञांना बोलवा. काय होऊ शकतं, काय होऊ शकत नाही, किती दिवस सूज, कधी धोका, हे त्यांनी आपल्या मुलामुलींना सांगू दे. खुर्च्या मांडायला मी येईन. भाजलेली, ओठ फाटलेली माणसं वाडीवाडीतून शोधून आणायलाही येईन, त्यांच्या उपचाराचे पैसे सरकारी योजनेतून मिळू शकतात आणि त्यातल्या अनेकांना ते ठाऊक नाही.

फलकावरच्या तारखेला आज अकरा दिवस उरले आहेत. येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी कार्यालयात येते. बरोबर ती पावती, फेब्रुवारीतल्या अर्जाची पोच आणि माझा भाऊ असेल. मुलगीही येते म्हणाली आहे. सभागृहाचं काय ठरलं ते आम्हाला लेखी द्यावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका